खिमा, मिरची आणि परगावचे नाव

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हॉटडॉगवर खिम्याचा तिखट सॉस घालून दिला की त्या पदार्थाला 'कोनी आयलंड' किंवा नुसते 'कोनी' म्हणतात. कोनी आयलंड हे न्यू यॉर्क शहरातले समुद्रकाठचे करमणुकीचे ठिकाण. मिशिगनपासून ते शेकडो मैल दूर. त्याच न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला प्लॅट्सबर्ग नावाचे गाव आहे. तेथे जवळजवळ हाच पदार्थ हवा असेल तर 'एक मिशिगन द्या' असे सांगावे लागते. न्यू जर्सीतल्या पॅटरसनला आणि पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाला त्याच्या नावात टेक्सस येते. ऱ्होड आयलंडमध्ये दुकानावर पाटी असते 'न्यू यॉर्क सिस्टिम'ची. पदार्थ ज्या गावात शिजतो त्या गावाचे नाव त्याला कोठेच नाही. प्रत्येक गाव दुसऱ्या गावाकडे बोट दाखवते, आणि त्या दुसऱ्या गावी जाऊन विचारले तर तेथले लोक तिसऱ्याचे नाव सांगतात.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. सॉसच्या इतिहासात आम्ही का शिरावे, असे कुणी विचारल्यास त्याचे उत्तर या पाट्यांत आहे. कर्ता कोण, मूळ पाठ कोणता, आणि नाममुद्रा कुणाची, हे तीन प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे संतकाव्याच्या तासाला विचारीत आलो आहोत. तेच तीन प्रश्न एका वाटीभर खिम्यापुढे जसेच्या तसे उभे राहतील, अशी कल्पना मात्र नव्हती.

आधी एक खुलासा. आपल्याकडे चिली सॉस म्हटले की चायनीजच्या गाडीवरची लाल किंवा हिरवी बाटली डोळ्यांपुढे येते. येथे तिचा संबंध नाही. हा सॉस म्हणजे अगदी बारीक वाटल्यासारखा खिमा. मिरचीची पूड, जिरे, कांदा, लसूण यांत तो पाण्यावर मंद शिजवलेला असतो. लांबट पावात सॉसेज, त्यावर हा खिमा, त्यावर पिवळी मोहरीची चटणी आणि वर कच्चा बारीक चिरलेला कांदा, अशी रचना. राजमा त्यात घालीत नाहीत. घातल्यास जुनी माणसे नाक मुरडतात.

यातली मिरची हीच सर्वांत जुनी प्रवासी. 'चिली' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. कोलंबस निघाला होता मिऱ्याच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला हे तिखट फळ भेटले तेव्हा त्याने त्याला मिऱ्याचेच नाव दिले, आणि युरोपातल्या अनेक भाषांनी ती चूक आजतागायत जपली आहे. मराठीला हसण्याचा अधिकार नाही. आपली 'मिरची'ही 'मिरी'वरूनच आली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर हे फळ आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मुंबईकडे त्याला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत. मेक्सिकोचे नाव मागेच राहिले होते. ज्या बंदरातून माल आला त्या बंदराचे नाव मालाला चिकटले. आज तर ते 'गोवाई'ही गळून पडले आहे आणि मिरचीवाचून मराठी स्वयंपाक कसा होता हे कल्पनेनेही उभे करता येत नाही.

गोव्यात या मिरचीने जे केले ते या विषयाला फार जवळचे आहे. पोर्तुगिजांचा शोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, तेथे लाल मिरची आणि माडाच्या ताडीची व्हिनेगर पिऊन चोरीस झाला, आणि पावात जाऊन बसला. युरोपचे सॉसेज, अमेरिकेची मिरची, युरोपचाच पाव. घटक पाहिले तर हॉटडॉगवरच्या सॉसची सगळी मांडणी गोव्यात आधीच झालेली होती. फरक इतकाच की गोव्यात मिरची आतड्याच्या आत शिरली आणि अमेरिकेत ती वर पसरली. आत शिरली म्हणून गोव्यात एक नवे सॉसेज तयार झाले. अमेरिकेत जर्मन सॉसेज जसेच्या तसे राहिले आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा खिमा आला. दोन समाज एकमेकांत किती मिसळले हे यावरून ठरवण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

आता टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओकडे जाऊ, कारण मांस आणि मिरची एकत्र शिजवण्याचा 'चिली कॉन कार्ने' हा प्रकार अमेरिकेला ठाऊक झाला तो या शहरातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथल्या मिलिटरी प्लाझा या मोकळ्या चौकात दिवसा गाड्यांचा आणि भाजीपाल्याचा बाजार भरे. संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका घरी शिजवलेली भांडी घेऊन येत. लाकडी मेजे मांडत, कंदील लावीत, विस्तवावर भांडी ऊन ठेवीत. तिखट मांस, तमाले, एन्चिलादा. गिऱ्हाईक सर्व थरांतले: गाडीवान, शिपाई, व्यापारी, नाटक पाहून परतणारी मंडळी, आणि रेल्वे आल्यानंतर प्रवासी. वर्तमानपत्रांनी या बायकांना 'चिली क्वीन' म्हणजे मिरचीच्या राण्या असे नाव दिले. राणी म्हटल्याने मान वाढला असे कुणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. प्रवाशांनी आणि पत्रकारांनी जी वर्णने लिहिली त्यांत या बायकांचे डोळे आहेत, केसांतली फुले आहेत, हजरजबाबी बोलणे आहे. त्या मिरची कशी भिजवीत, कशावर वाटीत, मांस किती वेळ शिजवीत, याला त्यांत फारशी जागा नाही. बहुतेकींची नावेही नाहीत.

आपल्या विद्यार्थ्यांना ओ. हेन्री ठाऊक असतो तो ख्रिसमसच्या भेटीच्या गोष्टीमुळे. त्याचीच 'द एन्चँटेड किस' ही कथा (१९०४) सॅन अँटोनिओत घडते. औषधाच्या दुकानातला एक भिडस्त कारकून रात्री या मेजांच्या चौकातून जातो आणि पुढे, नशेतल्या आभासात, चिली कॉन कार्ने हा शेकडो वर्षे जगलेल्या एका स्पॅनिश माणसाचा भयानक आहार होऊन त्याच्यापुढे येतो. कथा म्हणून ती रंगतदार आहे. पण चौकातल्या बायका त्यात देखाव्यापुरत्या. पदार्थाला गूढपणा मिळाला आणि पदार्थ करणारी अंधारात राहिली. ओ. हेन्रीचा हात सफाईदार असल्यामुळे ही अदलाबदल वाचताना लक्षातही येत नाही.

१८९३ साली शिकागोला कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा तेथे सॅन अँटोनिओच्या चिलीचे एक दुकान मांडलेले होते. (त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याला विवेकानंदांमुळे पाठ असते. त्याच शहरात, त्याच हंगामात हेही शिजत होते.) चिलीचे नाव उत्तरेकडे पसरले. इकडे बायकांना मात्र एका चौकातून दुसऱ्या चौकात हलवले जात होते. मिलिटरी प्लाझात नगरपालिकेची इमारत उभी राहिली तेव्हा त्यांना उठावे लागले. मग अन्य चौक. शेवटी १९३७ साली आरोग्याचे नियम पुढे आले: उपाहारगृहाला जी स्वच्छतेची अट, तीच उघड्यावरच्या मेजाला. अट कागदावर समान होती. पण नळ, मोरी आणि पक्क्या भिंती ज्यांच्यापाशी नव्हत्या त्यांना ती समान कशी असणार? पुढे मॉरी मॅव्हरिक महापौर असताना त्यांना काही काळ परत येता आले. १९४३ पर्यंत मात्र सारे संपले. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी २००८ साली या बायकांना चौकातून कुणी हुसकले याच प्रश्नावर एक लेख लिहिला आहे. त्यात वंश, लिंग आणि नगरसुधारणा या तिन्ही गोष्टी एकत्र तपासल्या आहेत. शहरातल्या मेक्सिकन वस्तीत क्षयाचे प्रमाण त्या काळी भयंकर होते हे खरे, आणि त्या भीतीत नियमांचे मूळ होते हेही खरे. तरी क्षयावर उपाय म्हणून वस्तीतली घरे सुधारण्याआधी मेजे उचलली गेली, हे आम्हाला विसरता येत नाही. १९७७ साली टेक्ससच्या विधिमंडळाने चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ असल्याचा ठराव केला. मेजे उठल्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

मेजे उठली तरी चव बाटलीतून गावोगाव फिरत होती. ती भरणारा विल्यम गेबहार्ट हा टेक्ससमध्ये स्थायिक झालेला जर्मन. न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वस्तीच्या गावात १८९२ साली त्याने एका गुत्त्याच्या मागच्या बाजूला खानावळ उघडली. गिऱ्हाइकांना चिली आवडे, पण तिला लागणाऱ्या मिरच्या हंगामातच मिळत. त्याने आँचो जातीच्या वाळलेल्या मिरच्या खिमा करण्याच्या घरगुती यंत्रातून तीनतीनदा काढून पूड केली. पुढे ती बाटलीत भरली, १८९६ साली 'ईगल ब्रँड' या नावाने नोंदवली आणि कारखाना सॅन अँटोनिओला नेला. जिरे, ओरेगॅनो, लसूण असे मिश्रण करून विकली जाणारी ही 'चिली पावडर' म्हणजे आपल्या भाषेत मसालाच, नुसते तिखट नव्हे. अमेरिकन पाककृती वाचून मराठी घरात घोटाळा होतो तो येथेच. तीन चमचे चिली पावडर असे वाचून कुणी आपले लाल तिखट तीन चमचे घातले तर तो सॉस कुणाला खाववणार नाही. गेबहार्टच्या कंपनीने पूड खपावी म्हणून पाककृतींच्या पुस्तिकाही काढल्या. म्हणजे जे चौकात बघून शिकायचे ते आता छापील झाले, आणि छापताना त्यावर नाव आले ते बाटलीचे.

सॉसेजची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. फ्रँकफुर्ट आणि व्हिएन्ना या शहरांची नावे घेऊन ते जर्मनभाषिक स्थलांतरितांबरोबर आले. कोनी आयलंडला चार्ल्स फेल्टमन या जर्मनाने ते पावात घालून विकले आणि १९१६ साली तेथेच नेथन हँडवर्कर या पोलिश ज्यूने निम्म्या दरात, पाच सेंटला विकून फेल्टमनला मागे टाकले. 'हॉटडॉग' हे नाव एका व्यंगचित्रकाराने बेसबॉलच्या मैदानावर दिले ही दंतकथा अजून सांगितली जाते. पण शब्दांचा शोध घेणाऱ्यांनी हा शब्द १८९० च्या दशकातल्या विद्यार्थ्यांच्या टवाळखोर लिखाणात दाखवून दिला आहे. सॉसेजमध्ये नेमके कसले मांस असते या संशयातून तो विनोद जन्मला. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली तेव्हा त्या विनोदातले हसू गेले. त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला.

आणि आता बाल्कनमधली माणसे. १९१४ साली मिशिगनमधल्या जॅक्सन गावी रेल्वे स्टेशनाजवळ जॉर्ज टोडोरोफ या मॅसेडोनियन माणसाने 'कोनी आयलंड' उघडले. डेट्रॉइटमध्ये गस्ट केरोस या ग्रीक माणसाने 'अमेरिकन कोनी आयलंड' काढले. शेजारच्याच गाळ्यात त्याच्या भावाचे 'लाफायेट कोनी आयलंड' आले, आणि दोन भावांतला सॉस कुणाचा सरस यावर शहराचे दोन तट पडले. फ्लिंटमध्ये १९२० च्या दशकात मॅसेडोनियन सिमिऑन ब्रायन. सिनसिनाटीत १९२२ साली टॉम आणि जॉन किराजिएफ हे भाऊ. त्यांनी शेजारच्या एम्प्रेस नाट्यगृहाचेच नाव दुकानाला दिले. पॅटरसन, अल्टूना, ऱ्होड आयलंड, सगळीकडे हेच. मोटारींचे कारखाने पाळ्यांनी चालत. फोर्डने १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली होती. मध्यरात्री पाळी सुटलेल्या माणसाला उभ्या उभ्या, एका हाताने, ऊन काही हवे असे. भांडवल थोडे, इंग्रजी कच्चे आणि घरचे चारदोन हात मदतीला, एवढ्यावर चालणारा हा धंदा होता.

या माणसांनी खिमा कोठून आणला? येथे आम्ही शब्दकोश उघडला आणि थबकलो. ग्रीक घरात शेवयांसारख्या पदार्थांवर घालायचा मांसाचा सॉस असतो. त्याला 'साल्त्सा किमा' म्हणतात. त्यातला 'किमास' हा ग्रीक शब्द तुर्की 'किय्मा'वरून आला. तीच तुर्की धातू फारसीतून उर्दूत आणि तेथून आपल्या 'खिम्या'त आली आहे. ऑटोमन दरबाराची एक शाखा पश्चिमेला आणि फारसीची दुसरी पूर्वेला. डेट्रॉइटच्या ठेल्यावर सॉस ढवळणारा ग्रीक आणि मोहम्मद अली रोडवर तव्यावर उलथने आपटणारा बल्लव एकाच शब्दाचे आश्रित आहेत. ग्रीक खिम्यात दालचिनी, लवंग पडते. सिनसिनाटीच्या चिलीत आजही दालचिनी लागते, लवंग लागते, आणि ती शेवयांसारख्या स्पॅगेटीवर वाढतात. नाव टेक्ससचे आणि चव एजियन समुद्राकडची. गिऱ्हाइकाला 'चिली' हा शब्द ओळखीचा होता, पूड किराणा दुकानात बाटलीतून मिळत होती. ग्रीक खिम्यात ती टाकली की त्याला ते नाव लावता येई. लोकसाहित्याचे अभ्यासक टिमथी लॉइड यांनी १९८१ साली सिनसिनाटीच्या या चिलीवर लेख लिहिला तो 'वेस्टर्न फोकलोर'मध्ये, लोककथांच्या अभ्यासाशेजारी. ती जागा योग्यच होती.

पण स्वतःचे नाव त्यांनी का दिले नाही? धंद्याची हुशारी, हे सोपे उत्तर. कोनी आयलंड म्हणजे मौज, न्यू यॉर्क म्हणजे नवेपणा, टेक्सस म्हणजे तिखट. ते खोटे नाही, पण पुरेसे वाटत नाही. १९०९ च्या फेब्रुवारीत साउथ ओमाहा येथे एका ग्रीकाच्या हातून पोलीस मारला गेला, आणि जमावाने सबंध ग्रीक वस्तीवर हल्ला करून ती जाळली. ग्रीकांना गाव सोडून पळावे लागले. १९२४ च्या कायद्याने ग्रीसहून येणाऱ्यांची वार्षिक संख्या शंभरावर आणली. त्याआधीच्या तीन दशकांत लाखोंनी ग्रीक आले होते. अशा देशात दुकानावर पाटी लावताना 'अमेरिकन' हा शब्द का निवडला जातो हे समजायला फार संशोधन नको.

किराजिएफ बंधूंच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. ते ज्या ख्रुपिश्ता गावचे, ते त्यांच्या जन्माच्या वेळी ऑटोमन साम्राज्यात होते. बाल्कन युद्धांनंतर, १९१३ साली, ते ग्रीसमध्ये गेले. मग त्याचे नाव बदलून आर्गोस ओरेस्टिको झाले. या भावांना कुणी मॅसेडोनियन म्हणते, कुणी बल्गेरियन, कुणी ग्रीक. समजा त्यांनी दुकानाला आपल्या गावाचे नाव द्यायचे ठरवलेच असते, तर कोणते देणार होते?

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा नावाच्या पुढच्या काळातल्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत हे आपण शिकवतो. त्या वेगळ्या काढताना आपला सूर बहुधा असा असतो की प्रक्षेप म्हणजे एक प्रकारची लबाडी. या सॉसच्या इतिहासाने आमचा तो सूर थोडा उतरला आहे. 'कोनी आयलंड' ही अशीच एक नाममुद्रा होती. तिच्याखाली जॅक्सनचा, डेट्रॉइटचा, फ्लिंटचा कोणीही आपली रचना घालू शकत असे. मुद्रा परक्याची घेतली म्हणजे चोरी केली असे नेहमी नसते. ज्याला स्वतःची मुद्रा वापरण्याची सोय नाही त्याचा तो आसरा असतो. मात्र या आसऱ्यातही एक उतरंड होती. केरोस, टोडोरोफ, किराजिएफ यांनी परके नाव लावले तरी त्यांची नावे नोंदली गेली. दुकाने त्यांच्या मालकीची झाली, मुलांकडे गेली आणि २०१२ साली 'कोनी डेट्रॉइट'सारखे सचित्र पुस्तक निघाले. सॅन अँटोनिओच्या बायकांना दुकानच नव्हते. मेज उचलले की मागे काही उरत नव्हते.

दुकानांची पाककृती गुप्त, म्हणून घरोघरी तिच्या नकला सुरू झाल्या. चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या वह्या, वर्तमानपत्रांतली सदरे, कात्रणे. त्यांची भाषा आम्हाला फार ओळखीची वाटली. अमक्या दुकानातल्या आचाऱ्याच्या बायकोने माझ्या सासूला सांगितलेली, अशी परंपरा आधी, मग साहित्य. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखकू आपली गुरुपरंपरा सांगतो, अगदी तसे. फ्लिंटची कथा यात सर्वांत बोधप्रद आहे. तेथल्या दुकानांतला सॉस कोरडा, भुग्यासारखा, आणि त्याचा आधार म्हणजे बारीक केलेले बैलाचे हृदय आणि चरबी. पण स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलेल्या आणि घरोघरी 'अस्सल' म्हणून जपलेल्या पाककृतीत साधा खिमा आणि त्यात वाटून घातलेले हॉटडॉग आहेत. दोन पाठांत कोणता जुना? पाठचिकित्सेत आपण शिकतो की अवघड पाठ बहुधा मूळ असतो, कारण नकलणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. घरात हृदय मिळत नाही, उरलेली सॉसेजे मिळतात. आमचा कौल हृदयाला. पण फ्लिंटच्या घरांत तीन पिढ्या हॉटडॉग वाटून केलेला सॉस आवडीने खाल्ला गेला असेल, तर संपादकाने तो पाठ तळटीपेत टाकावा काय, हा प्रश्न राहतोच.

शेवटी आम्ही सॉस करून पाहिला. दोघांनी, एका रविवारी. मुळात गाईबैलाचे मांस असते. आम्ही अर्धा किलो बकऱ्याचा खिमा घेतला आणि खाटिकाकडून तो दोनदा काढून आणला. आणि पहिल्याच पायरीला चुकलो. हात सवयीने तेलाकडे गेला: कांदा परतला, खिमा टाकला, भुंजला. वास उत्तम आला, पण खिम्याचे खडे झाले. दोन तास शिजवूनही ते फुटेनात, आणि चमच्याने पावावर घातला की घरंगळून ताटात पडे. मग पुन्हा जाऊन खिमा आणला. या वेळी कच्चा खिमा गार पाण्यात घालून बोटांनी कुस्करला, पाणी दुधट होईपर्यंत, आणि मगच भांडे चुलीवर ठेवले. सिनसिनाटीची रीत हीच. मांसातली प्रथिने गरम कढईला लागताच आवळतात आणि कण एकमेकांना धरून बसतात. गार पाण्यात ते आधीच सुटे झालेले असतात, मग आच लागली तरी जवळ येत नाहीत. भुंजल्याचा खमंगपणा यात जातो, हे मान्य. त्या बदल्यात सॉस पावाच्या खाचेत नीट बसतो.

प्रमाण असे ठेवले: अर्ध्या किलोला सुमारे तीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा किसून, सहा पाकळ्या लसूण वाटून, दोन चमचे टोमॅटोचा दाट रस. आँचो मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते, म्हणून बेडगीची पूड चार लहान चमचे. लवंगी किंवा संकेश्वरी घेतली असती तर पाणी पीत बसावे लागले असते. जिऱ्याची पूड दोन चमचे. ओरेगॅनो नव्हते, तेव्हा चिमूटभर ओवा चुरडून. मीठ, आणि उतरवताना एक चमचा व्हिनेगर. झाकण अर्धवट ठेवून दीड-दोन तास, अधूनमधून ढवळीत. डेट्रॉइटकडे दाटपणासाठी थोडे पीठ किंवा खाऱ्या बिस्किटांचा चुरा लावतात. आम्ही लावला नाही. भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वर लाल चरबीचा पापुद्रा धरला होता. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही चरबीत उतरतात, म्हणून तो सगळा काढून टाकणे आम्हाला जिवावर आले. निम्मा काढला, निम्मा परत ढवळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सॉस खरोखरच अधिक चांगला लागला. लांबट पाव बेकरीत मिळाले नाहीत, तेव्हा लादीपाव मधोमध चिरून त्यात भरला. मोहरीची चटणी बाटलीतली. कांदा कच्चा, भरपूर. वाद उरला तो दालचिनीचा. आमच्यापैकी एकाचे म्हणणे की दालचिनी घातल्याखेरीज त्या बाल्कनच्या माणसांचा या सॉसवर हातच दिसत नाही. दुसऱ्याचे म्हणणे की डेट्रॉइटच्या घरगुती पाककृतींत ती बहुधा नसते, आणि एका गावचा पाठ दुसऱ्या गावच्या पोथीत घुसडू नये. शेवटी निम्मा सॉस दुसऱ्या पातेल्यात काढला, त्यात दालचिनीचा एक तुकडा आणि दोन लवंगा टाकून पुन्हा अर्धा तास शिजवला. संध्याकाळी घरच्या मंडळींनी दोन्ही खाल्ले. दालचिनीचे पातेले आधी संपले, पण ते आकाराने लहान होते असा दुसऱ्याचा आक्षेप आहे.